थांबायचं कधी आणि डॉक्टरांना फोन कधी करायचा?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी जनावरांच्या तातडीच्या आजारांबद्दल जे सांगितलं, ते सभेला येऊ न शकलेल्या तायांसाठी इथे देत आहोत.)



बचतीचा आणि परतफेडीचा हिशोब झाला. आता अर्धा तास मला दिलाय. विषय आपल्या दारातल्या जनावरांचा आहे. आधीच सांगून टाकते, मी जनावरांची डॉक्टर नाही. मी समाजकार्य शिकलेली मुलगी आहे. कुठलं इंजेक्शन द्यायचं, किती द्यायचं, हे मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. मला एवढंच सांगायचंय की जनावराकडे बघून "हे उद्यापर्यंत थांबेल" आणि "हे आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवायचं" यातला फरक कसा ओळखायचा. आणि ओळखल्यावर फोन कुणी करायचा.

हा विषय का घेतला? गटांची कर्जं बघताना मला वहीत दिसतं ना, कर्जाचं कारण: शेळी. शेळी, शेळी, गाय, परत शेळी. कुणाचा हप्ता थकला म्हणून विचारायला गेलं की उत्तर येतं, "ताई, शेळी मेली." दोन पाटी आणि एक गाभण शेळी म्हणजे पोरीची बारावीची फी असते, दवाखान्याचा खर्च असतो, दिवाळीचा बाजार असतो. नवऱ्याला न विचारता विकता येईल अशी बाईकडे एकच वस्तू असते, ती म्हणजे शेळी. म्हणून तिचा जीव वाचवणं हे आपलं बचत गटाचंच काम आहे.

आपल्याच प्रभागातली गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला एका ताईंची शेळी फुगली. डावी बाजू टम्म. ताईंना दिसत होतं. शेळी पाय आपटत होती, उठबस करत होती. पण घरचे बाजाराला गेले होते. "मालक आले की बघतील" म्हणून त्या थांबल्या. मालक सात वाजता आले. शेळी साडेसहाला गेली. मी दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा ताई म्हणाल्या, "मला कळलं होतं गं, पण विचारल्याशिवाय फोन कसा करू? डॉक्टरनं पैसे मागितले तर देऊ कुठून?"

बघा, त्या ताईंना आजार कळला नव्हता असं नाही. त्यांना कळलं होतं. अडलं ते परवानगीपाशी आणि पैशापाशी. जनावराला चारा टाकते बाई, पाणी पाजते बाई, शेण काढते बाई, धार काढते बाई. त्याच्यात काही बिघडलं तर पहिल्यांदा तिलाच दिसतं. मग फोनही पहिला तिनंच करायला पाहिजे. आज मी जे सांगणार आहे ते ऐका, घरी जा, आणि आजच रात्री जेवताना घरात बोलून ठेवा: "ही ही लक्षणं दिसली तर मी कुणाची वाट बघणार नाही, फोन लावणार." जनावर धडधाकट असताना झालेलं बोलणं सोपं असतं.

निरोगी जनावर आधी ओळखा

आजारी ओळखायचं तर निरोगी कसं असतं ते माहीत पाहिजे. रोज सकाळी वैरण टाकताना दोन मिनिटं नुसतं बघा. हात लावायच्या आधी बघा.

वैरणीवर तुटून पडतं का? कान हलतात का? नाकपुडी ओलसर आहे का? लेंड्या किंवा शेण नेहमीसारखं आहे का? बसल्यावर रवंथ करतं का? रवंथ करणारं जनावर सहसा बरं असतं. रवंथ बंद झाली की लक्ष द्यायचं.

आता हात लावा. डाव्या कुशीवर, शेवटच्या बरगडीच्या मागे जो खड्डा असतो, तिथं मूठ दाबून ठेवा. मिनिटाला एक-दोन वेळा आतून मूठ ढकलल्यासारखं वाटतं. ते पोट चालू असल्याची खूण. काहीच हललं नाही तर पोट थांबलंय.

ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी पाहिजे. बोटानं दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत परत गुलाबी होते. शेळीची खालची पापणी ओढून बघा, तीही गुलाबी पाहिजे. फिकी असेल तर पोटात जंत रक्त पीत असतील. पार पांढरी पडली असेल आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी आल्यासारखी सूज असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि एक छोटा थर्मामीटर. मेडिकलमध्ये डिजिटल मिळतो. जनावरांचा वेगळा ठेवा, त्याला लाल दोरा बांधा, म्हणजे घरातल्या लेकराच्या तोंडात जाणार नाही. तेल लावून शेणाच्या जागी हळूच घालायचा आणि आतल्या भिंतीला टेकवून धरायचा. निरोगी शेळीचं तापमान साधारण १०२ ते १०३ फॅरनहाइट असतं, गाईचं १०१ ते १०२. म्हणजे आपल्यापेक्षा त्यांचं अंग गरमच असतं. हात लावून "ताप आलाय" म्हणू नका, मोजा. शेळीला १०५ च्या वर गेलं तर फोन. आणि १०० च्या खाली गेलं तर त्याहून लवकर फोन. गार पडत चाललेलं जनावर जास्त धोक्यात असतं.

तीन कप्पे करा

आपण कपाटात जसे कप्पे करतो तसे मनात तीन कप्पे करा: आत्ता, आज, दोन दिवसांत.

दोन दिवसांत म्हणजे खरूज, गोचिड, छोटी जखम, एखाद्या वेळेस पातळ शेण पण खाणं चालू. पशुसखीला सांगा, ती बघेल.

आज म्हणजे खाणं सोडलंय पण उभं आहे, ताप आहे, लंगडतंय, कास गरम आणि कडक झाली, दुधात गुठळ्या येतात, हगवण लागलीय पण पाणी पितंय. सूर्य मावळायच्या आत डॉक्टरांशी बोलणं झालं पाहिजे. रात्री अंधारात धावपळ करण्यापेक्षा दुपारी फोन केलेला बरा. गाभण शेळीनं शेवटच्या महिन्यात खाणं सोडलं तर तीही याच कप्प्यात. आपल्या उस्मानाबादी शेळ्यांना जुळी असतात. पोटातली दोन करडं तिचं सगळं बळ ओढून घेतात आणि शेळी सुस्त होऊन बसते. "गाभण आहे म्हणून खात नसेल" असं म्हणून सोडू नका.

आता पहिला कप्पा, आत्ता. हा मी सावकाश सांगते.

आत्ता फोन करायचा तो कधी?

एक. श्वास. तोंड उघडून, मान लांब करून, जीभ बाहेर काढून श्वास घेत असेल. किंवा घशातून घरघर येत असेल आणि गळ्याखाली सूज असेल. पावसाळ्यात म्हशीला किंवा गाईला एकदम जोराचा ताप, गळ्याला सूज आणि घरघर, असं दिसलं तर घटसर्प असू शकतो. त्यात जनावर एका दिवसात जातं. सकाळी दिसलं तर सकाळीच फोन.

दोन. डावी कूस फुगली. कोवळा ओला लसूणघास, पावसाचं पहिलं कोवळं गवत भरपूर खाल्लं की पोटात फेस होतो आणि गॅस बाहेर पडत नाही. कुशीवर टिचकी मारली की ढोलासारखा आवाज येतो. फुगलेलं पोट फुप्फुसावर दाबतं, म्हणून जनावर गुदमरून मरतं. ही वेळ तासाभराची असते.

तीन. धान्य किंवा शिळं अन्न जास्त खाणं. लग्नसराईत हे हमखास होतं. उरलेला भात, चपात्या, बुंदी फेकायची कशी म्हणून आपण गाईपुढे, शेळीपुढे टाकतो. किंवा शेळी सुटून ज्वारीच्या पोत्यात तोंड घालते. त्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पोट पाण्यानं भरल्यासारखं डचमळतं, आंबूस वासाची पातळ हगवण होते, जनावर दात खातं, झिंगल्यासारखं चालतं आणि मग बसतं ते उठत नाही. म्हणून इथं लक्षणांची वाट बघायचीच नाही. किती खाल्लं ते कळलं की तेव्हाच डॉक्टरांना विचारायचं. आणि मंडपातलं उरलेलं अन्न गोठ्यात न्यायचंच नाही, हे कार्यमालकिणीला मोकळेपणी सांगायचं.

चार. व्यायला अडलेली. पाणमोट फुटली, शेळी जोर लावतेय आणि अर्ध्या-पाऊण तासात करडाचं काहीच पुढं सरकलं नाही, तर फोन. गाय-म्हशीला दोन तासांपेक्षा जास्त वाट बघायची नाही. नीट असेल तर पुढचे दोन खूर आणि त्यावर टेकलेलं नाक दिसतं. एकच पाय दिसला, नुसतं शेपूट दिसलं, डोकं दिसलं पण पाय नाहीत, तर ओढाओढ करू नका. चार माणसं लावून दोर बांधून ओढल्यानं पिल्लू तर जातंच, आईची पिशवीही फाटते.

पाच. व्यायल्यानंतर अंग बाहेर आलं. लाल मांसाचा गोळा लटकतो. घाबरू नका, आत ढकलू नका. स्वच्छ ओल्या कापडात धरा, माती लागू देऊ नका, कुत्र्या-कावळ्यांपासून सांभाळा आणि फोन करा. वार पडली नाही तर वेगळी गोष्ट. १२ तास वाट बघा, नाही पडली तर डॉक्टरांना सांगा. वारेला दगड किंवा चप्पल बांधून ठेवतात, ते बंद करा. ओढानं आत तुकडा राहतो आणि कुजतो.

सहा. व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत चांगली दुधाळ गाय बसली आणि उठेना. कान गार, अंग गार, मान वळवून पोटावर टाकलेली. याला दुग्धज्वर म्हणतात, पण नाव ज्वर असलं तरी ताप नसतो. दुधातून शरीरातलं कॅल्शियम एकदम निघून जातं. एका गावात मी स्वतः बघितलंय. पहाटे गाय अशी पडली. सासू म्हणाली "नजर लागली". सून पशुसखीच्या प्रशिक्षणाला आलेली होती, तिनं कान चाचपले आणि सरळ फोन लावला. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश लावली. थोड्या वेळानं गाय थरथरली, शेण टाकलं आणि दुपारपर्यंत उभी राहिली. ही शिरेतली बाटली डॉक्टरांनीच लावायची, भराभर गेली तर हृदय बंद पडतं.

सात. झटके, थरथर, तोल जाणं, गोल गोल फिरणं, डोकं भिंतीला टेकवून उभं राहणं.

आठ. विष. आपल्याकडे तीन गोष्टी नेहमीच्या. पहिली, ज्वारीचे कोवळे पोंगे किंवा कापणीनंतरचे हिरवे फुटवे. पावसाचा ताण पडलेल्या कोवळ्या ज्वारीत विष जास्त असतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात जनावर धापा टाकतं, थरथरतं, पडतं. यावर डॉक्टरांकडे इंजेक्शन असतं, पण वेळेत पोचलं तर. दुसरी, युरिया. खत कालवलेलं पाणी बादलीत राहिलं आणि गाईनं पिलं. तिसरी, फवारणीचं औषध. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी येतं, अंगावरचं मांस उडतं. औषधाचा रिकामा डबा फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. त्यावरचं नाव वाचून ते उपाय ठरवतात.

नऊ. साप चावल्याचा संशय, गाडीची धडक, किंवा न थांबणारं रक्त. रक्ताच्या जागी स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. साप चावला असेल तर चिरा मारू नका, जनावराला चालवत नेऊ नका, गाडीत न्या.

दहा. लघवी बंद. बोकड किंवा बैल सारखा कुंथतोय, शेपूट हलवतोय आणि थेंबसुद्धा येत नाही. बायांना वाटतं शेण अडकलंय. खडा अडकलेला असू शकतो. आत पिशवी फुटली तर मग हाती काही राहत नाही.

याशिवाय लहान करडू, वासरू यांच्यासाठी नियम कडक. मोठ्या जनावराला जे "आज" आहे ते पिल्लाला "आत्ता" आहे. करडू आईला लुचत नाही, तोंडात बोट घातलं तर तोंड गार लागतं, मान टाकलीय, तर आधी त्याला ऊब द्या. पोत्यात गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. गार पडलेल्या करडाला जबरदस्तीनं दूध पाजू नका. आणि जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. वार पडायची वाट बघायची नाही.

दारातलं कुत्रं, घरातलं मांजर

त्यांनाही जीव आहे आणि ते आपली राखण करतात. कुत्र्याच्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण, झटके, विष खाल्ल्याचा संशय, मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, बोका लघवीला बसतोय पण होत नाही, हे सगळं "आत्ता"च्या कप्प्यातलं. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनंही मांजर मरतं. माणसाची गोळी कुठल्याच जनावराला आपल्या मनानं देऊ नका.

डॉक्टर येईपर्यंत काय करायचं, काय नाही

फुगलेल्या जनावराला उभं ठेवा. पुढचे पाय उंचवट्यावर, मागचे उतारावर, म्हणजे गॅसला वाट मिळते. चारा बंद. डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलं तर गोडेतेल पाजता येतं, शेळीला साधारण ५० ते १०० मिली, मोठ्या गाईला पाव ते अर्धा लिटर. पण पाजायचं कसं? डोकं फार वर ओढायचं नाही. तोंडाच्या कडेनं, थोडं थोडं, गिळू देत. ठसका लागला की थांबायचं. आडव्या पडलेल्या, मान टाकलेल्या जनावराच्या तोंडात पाणी, तेल, काढा, काहीही ओतायचं नाही. ते सरळ फुप्फुसात जातं. पुष्कळ जनावरं मूळ आजारानं मरत नाहीत, अशा पाजण्यानं मरतात.

बसलेल्या गाईला एका कुशीवर आडवी पडू देऊ नका. छातीवर बसती ठेवा, दोन्ही बाजूंना पोत्यांचा टेकू द्या. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. ऊन असेल तर सावली, थंडी असेल तर गोणपाट.

डाग देणं, कान कापून रक्त काढणं, पोटात सुरी किंवा दाभण खुपसणं, रॉकेल पाजणं, हे करू नका. जुनी माणसं प्रेमानंच सांगतात, त्यांच्याशी भांडू नका. "आजी, डॉक्टर येतायत, तोवर थांबू" एवढं म्हणा.

आपला जीव आधी

हे लक्ष देऊन ऐका. गाय एकदम हंबरत सुटली, लाळ गळतेय, गिळता येत नाही, अंगावर येतेय. आपल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं, आणि आपण तोंडात हात घालतो. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गाय अशीच वागते. तोंडात हात घालू नका. बांधून ठेवा, लेकरांना लांब करा, डॉक्टरांना बोलवा. कुत्रं चावलेल्या जनावरालाही लस असते, ती लक्षणं यायच्या आधी द्यावी लागते. आणि आपल्याला कुत्रं चावलं, ओरखडलं, किंवा अशा जनावराची लाळ जखमेला लागली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. चुना, हळद, मिरची लावू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण लस वेळेत घेतली तर वाचतो.

दुसरं, काहीही आजार न दिसता जनावर अचानक मेलं आणि नाकातून, शेणाच्या जागेतून काळपट न गोठणारं रक्त आलं, तर फाशीचा रोग असू शकतो. कापू नका, कातडं काढू नका, ओढत नेऊ नका. डॉक्टरांना कळवा. तो रोग माणसाला होतो.

तिसरं, गाभडलेलं पिल्लू, वार, त्याचं पाणी, यांना उघड्या हातानं शिवू नका. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. पोटुशी बाईनं तर हे काम करूच नये.

फोनवर काय बोलायचं?

घाबरलं की आपण म्हणतो, "डॉक्टर, या लवकर, जनावर लई सिरियस हाय." त्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. असं सांगा: कुठलं जनावर, वय किती, गाभण आहे की व्याली, कधी, काय दिसतंय आणि केव्हापासून, काल-आज काय खाल्लं, तापमान किती, आपण काय पाजलं, कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर, गाव आणि घराची खूण. जमलं तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवा.

फोन कुणाला? आपल्या गावाला लागू असलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्याला. आणि १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी सांगता येतं. गाडी लांबच्या गावात असेल तर वेळ लागतो, म्हणून दोन्हीकडे फोन करा, आणि पशुसखीला तिसरा. शेळी, करडू, कुत्रं असेल तर वाट बघत बसण्यापेक्षा रिक्षात घालून दवाखान्यात नेणं बऱ्याचदा लवकर होतं.

गटानं काय करायचं?

आता मूळ मुद्द्यावर येते, परवानगी आणि पैसा. माझी चार गोष्टींची विनंती आहे.

पहिली, प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत ठराव घ्यावा की जनावराच्या तातडीच्या उपचारासाठी सभासदाला ठरावीक रकमेपर्यंत अंतर्गत कर्ज त्याच दिवशी मिळेल. रक्कम तुम्ही ठरवा. अध्यक्ष आणि सचिवांनी द्यायचं, बैठकीत नोंद घ्यायची. आठवड्याच्या बैठकीची वाट बघेपर्यंत शेळी थांबत नाही. ठराव इतिवृत्तात लिहा, म्हणजे उद्या कुणी "हिला का दिलं" म्हणणार नाही.

दुसरी, लसीकरण. पाऊस तोंडावर आलाय. गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या, शेळ्यांना आंत्रविषार, या लसी पावसाळ्याआधी द्यायच्या असतात. आंत्रविषारात धष्टपुष्ट करडू संध्याकाळी उड्या मारतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. तिथं डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळत नाही, लस हाच उपाय. ग्रामसंघानं यादी करून दवाखान्यात द्यावी, एका दिवशी सगळ्या गावाचं करून घ्यावं. कुत्र्यांना रेबीजची लसही त्याच दिवशी.

तिसरी, विमा. ज्यांच्या जनावराचा विमा आहे त्यांनी कानातला बिल्ला पडला तर लगेच कळवावं. जनावर गेलं तर पुरायच्या आधी विमा कंपनीला आणि डॉक्टरांना कळवायचं, शवविच्छेदनाचा दाखला लागतो.

चौथी, एकटी बाई आणि म्हाताऱ्या सभासद. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा रिचार्ज नसतो, त्यांच्या शेजारच्या सभासदानं जबाबदारी घ्यायची. रात्री बारालाही दार वाजवलं तर उठायचं. आपण एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो, तेवढं हे करूच शकतो.

शेवटी एक गोष्ट. कुणी म्हणेल, "फोन केला, डॉक्टर आले, आणि काहीच निघालं नाही, मग हसं झालं." होऊ दे. डॉक्टर चार वेळा फुकट आले आणि पाचव्यांदा गाय वाचली, तरी आपला फायदाच आहे.

खाली दिलेला कागद कापून गोठ्याच्या भिंतीवर चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या पोरींनी वाचून दाखवा. आणि आज रात्री जेवताना ते बोलणं विसरू नका.

गोठ्याच्या भिंतीसाठी

कुणाची वाट न बघता आत्ता फोन करा:
– तोंड उघडून श्वास, घशात घरघर, गळ्याला सूज
– डावी कूस ढोलासारखी फुगलेली
– धान्य किंवा शिळं अन्न खूप खाल्लं
– कोवळी ज्वारी, युरिया, फवारणीचं औषध पोटात गेलं
– व्यायला अडली: शेळी अर्धा-पाऊण तास, गाय-म्हैस दोन तास
– अंग बाहेर आलं
– व्यायल्यावर बसली, अंग गार, उठत नाही
– झटके, थरथर, तोल जाणं
– रक्त थांबत नाही, साप, गाडीची धडक
– लघवी बंद
– हिरड्या पांढऱ्या किंवा निळ्या
– करडू, वासरू गार पडलं, लुचत नाही

आडव्या जनावराच्या तोंडात काही ओतू नका. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका.

टोल फ्री : १९६२
आपला दवाखाना : ....................
आपली पशुसखी : ....................
शेजारची सभासद : ....................